ताजव्याची दुसरी साक्ष

जयपूरच्या दक्षिणेस प्रतापनगर ही मोठी वसाहत आहे. तिच्या शेजारच्या सीतापुरा औद्योगिक क्षेत्रात रत्नांना पैलू पाडण्याचे कारखाने आहेत. जयपूरच्या जोहरी बाजाराची परंपरा तेथे नव्या रूपाने नांदते आहे. रत्नाच्या व्यवहारात वजनाला फार मान. पूर्वी ते रती-माशांत सांगत, आज कॅरटमध्ये सांगतात. एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम. परंतु दहा कॅरटचे माणिक आणि दहा कॅरटची लाल काच ताजव्याच्या लेखी सारखीच. मग आयुष्याची पुंजी देऊन खडा घेणाऱ्याने विश्वास कशावर ठेवावा?

येथे घनता उपयोगी पडते. वस्तुमानाला आकारमानाने भागले की घनता मिळते. खड्याचे वस्तुमान तराजू सांगतो. पण अनेक पैलूंच्या खड्याचे आकारमान मोजावे कसे? त्याची युक्ती आर्किमिडीजच्या सिद्धांतात आहे. पाण्यात बुडालेल्या वस्तूचे वजन, तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके घटते. दोन ग्रॅमचे, म्हणजे दहा कॅरटचे माणिक पाण्यात तोलले की सुमारे दीड ग्रॅम भरते. घट अर्ध्या ग्रॅमची. म्हणून आकारमान अर्धा घन सेंटिमीटर आणि घनता दर घन सेंटिमीटरला चार ग्रॅम. साध्या काचेची घनता सुमारे अडीच. तेवढ्याच वजनाच्या काचेत ही घट ०.८ ग्रॅम होते. स्पिनेल या तांबड्या खड्याची घनता ३.६. इंग्लंडच्या राजमुकुटातील ‘ब्लॅक प्रिन्सचे माणिक’ म्हणून प्रसिद्ध असलेला खडा वस्तुतः स्पिनेलच आहे.

घनता सांगताना एकक सोडून चालत नाही. माणकाची घनता कोणी चार सांगेल, कोणी चार हजार. दोन्ही खरे, पहिले मान दर घन सेंटिमीटरला ग्रॅममध्ये, दुसरे दर घनमीटरला किलोग्रॅममध्ये. एका घनमीटरात दहा लक्ष घन सेंटिमीटर आणि एका किलोग्रॅममध्ये हजार ग्रॅम असतात. म्हणून पहिल्या मानाला हजाराने गुणले की दुसरे मिळते. विशिष्ट गुरुत्वाचे मात्र तसे नाही. ते पाण्याच्या घनतेशी केवळ गुणोत्तर असल्याने त्याला एकक नसते. १९५६ च्या कायद्याने भारतात दशमान मापे आली. त्यापूर्वी माशांत तोलणाऱ्या जवाहिऱ्याला आणि आज ग्रॅममध्ये तोलणाऱ्या प्रयोगशाळेला हा आकडा सारखाच मिळतो.

या परीक्षेला मर्यादाही आहेत. खडा कोंदणात बसविलेला असेल, तर सोन्याचे वजन त्यात मिसळते. खड्याला हवेचा बुडबुडा चिकटला, तर घनता प्रत्यक्षाहून कमी दिसते. शिवाय व्हर्न्यूई या फ्रेंच रसायनज्ञाने १९०२ मध्ये जाहीर केलेल्या पद्धतीने भट्टीत केलेल्या माणकाची घनताही खाणीतल्या माणकाइतकीच असते. घनता खड्याची जात सुचविते, त्याचा जन्म सांगत नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे अंतरंग पाहावे लागते.

तथापि काच माणकाच्या नावाने गळ्यात बांधली जाण्याचा धोका हवेत आणि पाण्यात केलेल्या दोन तोलांनी पुष्कळ टळतो. प्रामाणिक व्यापाऱ्यालाही त्याची अडचण वाटत नाही. त्याच्या शब्दाला त्यामुळे आणखी एक साक्षीदार मिळतो.