उमेदवारी किती दिवस?

(वार्षिक संमेलनात तरुण सभासदांपुढे दिलेले व्याख्यान)



विषय निवडण्याचे स्वातंत्र्य कार्यकारी मंडळाने आम्हांस दिले होते. परंतु ते श्रम आपल्या समाजातील एका कन्येने वाचविले. गेल्या दिवाळीत ती आमच्या घरी आली. पुण्यातील एका कचेरीत तीन महिन्यांच्या बोलीवर ती बिनपगारी काम शिकावयास राहिली होती. तिनाचे सहा झाले, आणि आता सहाचे नऊ होऊ घातले होते. "काका, राहू की सोडू?" एवढाच तिचा प्रश्न. त्या दिवशी तिला जे सांगितले, तेच आज आपणांपुढे मांडीत आहोत.

उमेदवारी हा शब्द आपल्याकडे जुना आहे. इंग्रजी अमदानीत सरकारी कचेऱ्यांतून, जागा रिकामी होईल या आशेवर तरुण मंडळी विनावेतन लेखनकाम करीत. त्यांस उमेदवार म्हणत. उमेद म्हणजे आशा. माणूस आशेवर राबतो, हे त्या शब्दातच आले. म्हणूनच त्या आशेचाही हिशेब ठेवावा लागतो.

आमचाच अनुभव सांगतो. १९८४ साली वकिलीची परीक्षा उत्तीर्ण होऊन आम्ही जिल्ह्याच्या गावी एका नामांकित वकिलांच्या कचेरीत लागलो. दप्तरे उचलावी, बोर्ड पाहून तारखा टिपाव्या, नकलांसाठी खेटे घालावे, असे दीड वर्ष गेले. या काळात एका दाव्याचा मसुदासुद्धा आमच्या हातून कोणी लिहवून घेतला नाही. खोलीचे भाडे वडील मनीऑर्डरने पाठवीत. ते कोठून येते, हे आम्ही विचारले नाही. पुढे सुटीत घरी गेलो तेव्हा आईच्या हातांत पाटल्या नव्हत्या.

तेथून निघून आम्ही दुसऱ्या वकिलांकडे गेलो. पहिले चार महिने तेथेही छदाम मिळाला नाही. परंतु पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमच्याकडून एक कैफियत लिहून घेतली, तांबड्या शाईने ती रंगविली आणि पुन्हा लिहावयास लावली. त्या चार महिन्यांत जे शिकलो, त्यावर आमचा संसार उभा राहिला. वेतन दोन्हीकडे नव्हते. फरक होता तो शिकविण्यात.

वडीलधारी मंडळी म्हणतात, टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही. खरे आहे. परंतु घाव घालणारा मूर्ती घडवीत आहे की नुसती खडी फोडीत आहे, हे पाहावयास नको काय?

तेव्हा तरुण मित्रांनो, दर महिन्याच्या अखेरीस स्वतःस तीन प्रश्न विचारा. पहिला, गेल्या महिन्यात येत नव्हते असे कोणते काम या महिन्यात येऊ लागले? दुसरा, आपले काम तपासून चूक दाखविणारे कोणी आहे काय? तिसरा, ही उमेदवारी कोणत्या तारखेस संपते, आणि ती तारीख कागदावर आहे काय? तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील आणि घरास भार सोसत असेल, तर अवश्य राहा. दोन महिने ओळीने पहिल्या प्रश्नास उत्तर सापडले नाही, तर समजा की शिक्षण संपले असून फुकट चाकरी सुरू झाली आहे. मग मालकांस नम्रपणे, परंतु लेखी विचारा. उत्तर न आल्यास केलेल्या कामाचा दाखला घ्या आणि निघा. ही धरसोड नव्हे.

कायदाही माहीत असावा. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ सालचा आहे. त्याखाली घेतलेल्या उमेदवाराशी लेखी करार करावा लागतो व त्यास विद्यावेतन द्यावे लागते. २०१९ साली नियमांत झालेल्या दुरुस्तीने किमान विद्यावेतन शिक्षणानुसार दरमहा ५,००० ते ९,००० रुपये ठरविण्यात आले. सनदी लेखापालांकडील उमेदवारीतही किमान विद्यावेतन नियमाने बांधलेले आहे. वकिलीत मात्र परंपरेचाच अंमल होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने कनिष्ठ वकिलांस शहरात दरमहा २०,००० व ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावे, अशी शिफारस केली. ही शिफारस आहे, सक्ती नव्हे. तथापि मागणाऱ्याच्या हाती काही आधार आला. आपली जागा यांपैकी कशात बसते, हे रुजू होण्यापूर्वीच पाहावे.

आता दोन शब्द आमच्या वयाच्या मंडळींसाठी, आणि ते कबुलीचे आहेत. आमची वकिली चालू लागल्यावर आपल्याच समाजातील एक मुलगा आम्ही कचेरीत घेतला. "शिकावयास मिळते, हेच वेतन समज," असे त्यास सांगितले. हेच वाक्य आम्ही एके काळी ऐकले होते. वर्षभराने तो येईनासा झाला. चौकशी केली, तेव्हा कळले की एस.टी.चे भाडे तो उसने काढून भरीत होता. आम्ही त्यास शिकविले होते, यात शंका नाही. परंतु तो जेवून येतो की नाही, हे विचारले नव्हते. बिनपगारी उमेदवारी ज्याच्या घरी दोन वेळची भ्रांत नाही, त्यालाच परवडते. हुशार पण गरीब मुलगा त्या दारातूनच परत फिरतो, आणि आपण म्हणतो, त्याच्यात चिकाटी नव्हती.

म्हणून कार्यकारी मंडळास आमची विनंती आहे. आपला शिक्षणनिधी परीक्षेच्या निकालापाशी थांबतो. तो पुढील सहा महिन्यांपर्यंत न्यावा, आणि उमेदवारी करणाऱ्या मुलामुलींस बिनव्याजी कर्जाऊ साहाय्य द्यावे. ज्या सभासदांच्या कचेऱ्या, कारखाने वा दुकाने आहेत, त्यांनी ज्ञातीच्या नात्याने कोणास फुकट राबवू नये. नाते असेल तर निदान प्रवासखर्च व जेवण तरी त्यातून निघावे.

त्या कन्येचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. तिने लेखी विचारले; "पाहू" असे उत्तर आले. महिनाअखेर ती दाखला घेऊन बाहेर पडली. सध्या ती दुसरीकडे शिकत आहे. विद्यावेतन थोडे आहे, परंतु मुदत कागदावर आहे, आणि तिच्या कामावर कोणीतरी तांबडी शाई वापरीत आहे.