साखरेची न लिहिलेली किंमत
(वैशाख पौर्णिमेच्या सभेत केलेले भाषण)



आज वंदनेनंतर आपण सर्वांनी खीर घेतली. सुजातेने बोधिसत्त्वाला दिलेल्या खिरीची आठवण म्हणून ती आपल्या घरोघरी होते. त्या खिरीतल्या साखरेविषयी मी आज बोलणार आहे. दुकानदाराला आपण साखरेचा भाव दिला. परंतु तिची सगळी किंमत दिली गेली काय?

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०२३ साली १५४ देशांचा हिशेब मांडला. अन्न पिकविण्याच्या व खाण्याच्या आजच्या पद्धतीने आरोग्याची, पाण्याची, जमिनीची आणि कष्टकऱ्यांच्या जीवनाची जी हानी होते व जी बाजारभावात कोठेच धरली जात नाही, ती वर्षाला किमान दहा लाख कोटी डॉलर भरते, असा तिचा निष्कर्ष आहे. एवढ्या मोठ्या आकड्याने मन दिपते, पण उमजत काही नाही. म्हणून आपण आपल्या महाराष्ट्रातील उसाकडे पाहू.

पहिली किंमत पाण्याची. राज्यातील पिकाखालच्या जमिनीपैकी सुमारे ४ टक्के जमिनीवर ऊस आहे. परंतु सिंचनाच्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के पाणी तो पितो. एक किलो साखरेमागे दीड ते दोन हजार लिटर पाणी लागते. दुष्काळात उसाला पाणी मिळते आणि वस्तीवरची बाई टँकरची वाट पाहते. १९२७ साली ज्यांनी महाडच्या तळ्यावर पाण्याचा हक्क बजावला, त्यांच्या वारसांनी हे पाणी कोठे गेले, असे विचारू नये काय?

दुसरी किंमत माणसांची. ज्या विजयादशमीला १९५६ साली आपण धम्माची दीक्षा घेतली, त्याच सुमारास दरवर्षी मराठवाड्यातील वस्त्या ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेऊन नवरा-बायको ऊसतोडीस निघतात. दोघे मिळून एक ‘कोयता’! माणसाची गणती हत्याराच्या नावाने होते. या टोळ्यांत वंजारी, बंजारा, मराठा, मातंग आहेत आणि आपलेही बांधव आहेत. कोपीत न्हाणीघर नाही, शौचकूप नाही. पाळी असो वा गरोदरपण, कामावर खाडा झाला की दंड उचलीत चढतो. यातून जे घडले ते २०१९ साली सरकारी समितीपुढे आले. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतील १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. जवळजवळ दर सहा स्त्रियांमागे एक! ही किंमत कोणत्या कारखान्याच्या ताळेबंदात लिहिली आहे?

कोणी म्हणेल, ऊसतोडीने निदान पोट तरी भरते. ती बंद पडली तर आम्ही खावे काय? बंधूंनो, मी ऊस जाळा म्हणत नाही, आणि ऊस लावणारा शेतकरी आपला वैरी आहे असेही म्हणत नाही. हिशेब पुरा लिहा, एवढेच माझे म्हणणे आहे.

ही दृष्टी आपणास बाबासाहेबांनी दिली आहे. १९१८ साली शेतजमिनीच्या लहान तुकड्यांवर लिहिताना त्यांनी नुसते क्षेत्रफळ मोजणे पुरेसे मानले नाही. त्या जमिनीवर भांडवल किती व किती हात बेकार पडले आहेत, हे पाहण्यास त्यांनी सांगितले. १९२८ साली मुंबईच्या कायदे मंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक आले, तेव्हा त्यांनी त्यास पाठिंबा दिला. स्त्रीच्या श्रमाचा लाभ मालक घेतो, म्हणून तिच्या बाळंतपणाचा काही भार त्यानेही उचलला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. आज ऊसतोड बाईचा करार मुकादमाशी असतो. कारखान्याच्या पटावर तिचे नाव नसते. पटावर नाव नाही म्हणून जबाबदारीही नाही! ही पळवाट बुजविणे, हाच आपल्या मागणीचा गाभा असला पाहिजे.

आपण पंचशील घेतो, तेव्हा न दिलेले न घेण्याची प्रतिज्ञा करतो. त्या बाईने आपले गर्भाशय कोणाला दिले नव्हते. परिस्थितीने ते हिरावून घेतले. त्याच्या लाभातून साखर स्वस्त झाली असेल, तर दुसऱ्या शीलाचा प्रश्न आपल्या वाटीपर्यंत येऊन पोचतो.

मग करावे काय? ज्या घरातून माणसे तोडीस जातात, त्या घराने एक वही ठेवावी. उचल किती घेतली, टन किती तोडले, खाडे किती कापले, दवाखान्यात काय गेले, मुलाची शाळा किती महिने बुडाली, हे तारखेनिशी लिहावे. आई-बापांना लिहिता येत नसेल तर शिकलेल्या मुलीने लिहावे. डॉक्टरने शस्त्रक्रिया सुचविली तर त्याच्या सहीचा कागद घ्यावा व दुसऱ्या डॉक्टरास दाखवावा. अशा शंभर वह्या एका विहारात जमल्या, तर ते संशोधनच होय. आणि त्याला खोटे म्हणणे कोणासही सोपे जाणार नाही.

पूर्वी गावकामगार म्हणून राबताना आपल्या श्रमाचा हिशेब दुसऱ्याच्या हाती होता, आणि आपल्या वाट्याला शिळे तुकडे येत. महाडच्या परिषदेने ते तुकडे नाकारावयास शिकविले. आता हिशेबाची वहीही आपल्याच हाती घ्या.

जय भीम!