छपाईचा रंग आणि आपले शेडकार्ड
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या उद्योग विभागात आहेराची पाकिटे आणि मसाल्यांच्या पुड्यांची लेबले तयार होतात. कापणे, घड्या घालणे, चिकटवणे ही कामे आपल्याच भगिनी करतात. छपाई मात्र बाहेरून करून घ्यावी लागते. गेल्या दिवाळीआधी एका गिऱ्हाइकाने पाचशे पाकिटे परत केली, हे आपणां सर्वांना ठाऊक आहेच. त्यांना मोरपंखी रंग हवा होता. हाती आला तो त्यांच्या मते नुसता गडद हिरवा. छापखाना म्हणाला, आलेल्या चित्राप्रमाणेच आम्ही छापले. गिऱ्हाईक म्हणाले, मोबाइलवर पाहिला तो रंग हा नव्हे. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत होते, आणि नुकसान मात्र घड्या घालणाऱ्या हातांच्या मजुरीत आले. हे पुन्हा होऊ नये यासाठी काय करता येईल, तेवढेच आज सांगणार आहे.

प्रथम, असे होते का? मोबाइलचा पडदा स्वतः उजेड देतो. लाल, हिरवा आणि निळा अशा तीन उजेडांच्या मिश्रणातून तो सारे रंग दाखवतो. कागदाला स्वतःचा उजेड नाही. त्यावर पडलेल्या उजेडातला काही भाग शाई गिळते आणि उरलेला आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. छापखान्यात शाया असतात चार : सायन म्हणजे आकाशी निळी, मॅजेंटा म्हणजे आपल्या राणी रंगाच्या जवळची, पिवळी आणि काळी. या चारींचे बारीक ठिपके शेजारी शेजारी आणि एकमेकांवर पडून चित्र होते. भिंग घेऊन एखादी छापील पत्रिका पाहा, ठिपके स्पष्ट दिसतील. पडद्यावरचा झगझगीत पोपटी किंवा लखलखीत नारिंगी या चार शायांच्या आवाक्यातच नसतो. तेव्हा छापणाऱ्याने कितीही जीव ओतला तरी तो कागदावर उतरायचा नाही.

राजा रविवर्म्यांचा छापखाना 1894 साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे देवादिकांची चित्रे छापताना प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करावा लागे. आज दगड गेले, यंत्रे आली. पण रंगामागून रंग चढवून चित्र पुरे करायचे, हे तत्त्व तेच राहिले.

यावर उपाय एकच. रंग पडद्यावर निवडायचा नाही, बोलून सांगायचा नाही. छापलेल्या चौकोनावर बोट ठेवून निवडायचा. जगभर वापरली जाणारी पँटोनची पद्धत 1963 साली याच गरजेतून निघाली. प्रत्येक रंगाला एक क्रमांक, आणि त्या क्रमांकाची शाई कशी मिसळायची त्याचे प्रमाण ठरलेले. पण ती पुस्तके महाग असतात, आणि त्यांतल्या खास शाया आपल्या चार रंगांच्या छपाईत येत नाहीत. आपले शेडकार्ड आपणच करावे हे बरे.

किती चौकोन लागतील? प्रत्येक शाई दहा-दहा टक्क्यांनी वाढवत नेली तर काळी सोडून तीन शायांचेच 1331 चौकोन होतात. ते कोण पाहणार! पंचवीस-पंचवीस टक्क्यांनी गेलो तर प्रत्येक शाईच्या पाच पायऱ्या आणि एकूण चौकोन 125. म्हणजे पाच पाने, प्रत्येक पानावर पंचवीस चौकोन. पहिल्या पानावर पिवळी शून्य, दुसऱ्यावर 25, असे करत शेवटच्या पानावर 100. पानावर आडवी सायन वाढत जाईल, उभी मॅजेंटा. दर चौकोनाभोवती पांढरी जागा सोडायची आणि खाली तिन्ही आकडे छापायचे. शेवटच्या पानावर सायन 50, मॅजेंटा 0 पाहिलेत तर पोपटी सापडेल. सायन 0, मॅजेंटा 50 पाहिलेत तर केशरी. काळ्या शाईच्या पायऱ्यांची एक पट्टी वेगळी ठेवावी. पसंत पडलेला रंग दोन चौकोनांच्या मधला वाटला, तर तेवढ्याच भागाचे पाच-पाच टक्क्यांचे जवळचे चौकोन पुन्हा छापून घ्यावेत.

एक गोष्ट इथेच सांगते. गडद निळा मागताना सायन आणि मॅजेंटा दोन्ही शंभर ठेवले तर छापून जांभळा येतो. निळा निळाच राहायला हवा असेल तर मॅजेंटा सायनपेक्षा बरीच कमी ठेवावी.

ही पाने ज्या छापखान्यात आपले काम होते तिथेच, आणि ज्या कागदावर माल निघणार त्याच कागदावर छापून घ्यायची. गुळगुळीत आर्ट पेपरवर शाई वर राहते आणि रंग खुलतो. मॅपलिथो ती शोषून घेतो आणि तोच रंग मंद होतो. म्हणून दोन कागदांची दोन शेडकार्डे हवीत. मुखपृष्ठावर छापखाना, कागद आणि तारीख लिहावी. कार्ड उन्हात किंवा हळदीच्या हातात जाऊ देऊ नये, आणि छापखाना किंवा कागद बदलला की नवे करावे.

पाहायचे कसे, हे आपल्याला शिकवायला नको. ब्लाउजपीस घेताना आपण दुकानाबाहेर उजेडात जातोच की नाही? ट्यूबलाइटखाली साडीशी जुळलेला कपडा बाहेर वेगळाच निघतो. शेडकार्डही दिवसा, खिडकीपाशी, थेट ऊन न घेता पाहावे. पांढऱ्या कागदाला चौकोनी भोक पाडून त्यातून एकेक रंग पाहावा, कारण शेजारचा रंग डोळ्याला फसवतो. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाकडे काळा रंग नीट बसत नाही अशी तक्रार आली. त्याने शोधून काढले की दोष रंगात नाही, शेजारच्या धाग्यांच्या रंगात आहे. त्याचा ग्रंथ 1839 साली निघाला.

आता नावांविषयी. डाळिंबी, अंजिरी, आमसुली, गुलबक्षी, चिंतामणी, अबोली ही नावे म्हणजे आपले धन आहे. पण एकीचा मोरपंखी निळ्याकडे झुकतो, दुसरीचा हिरव्याकडे. 1814 साली पॅट्रिक साइम या चित्रकाराने रंगांचे पुस्तक काढले. त्यात प्रत्येक रंगाचा नमुना, त्याचे नाव, आणि तो कोणत्या प्राण्यात, वनस्पतीत वा खनिजात दिसतो तेही दिले होते. डार्विनने बीगल जहाजावरच्या सफरीत ते जवळ ठेवले होते. आपणही तसेच करू. वडीलधाऱ्या भगिनींनी दुपारी बसून चौकोनांना नावे द्यावीत. एकमत झाले नाही तर दोन्ही नावे लिहावीत. नाव गप्पांसाठी, आकडा छापखान्यासाठी.

कोणी म्हणेल, जुन्या गिऱ्हाइकांपुढे सहीचा कागद ठेवला तर त्यांना अविश्वास वाटेल. मला तसे वाटत नाही. शिंपी माप लिहून घेतो म्हणून आपण रागावतो का? पसंतीच्या चौकोनाचा आकडा ऑर्डरच्या कागदावर लिहावा, खाली त्यांची सही घ्यावी, आणि पूर्ण माल छापण्याआधी एक प्रूफ त्याच कागदावर मागवून चौकोनाशेजारी ठेवून पाहावे. प्रूफ जुळले नाही तर एक कागद वाया जाईल, पाचशे पाकिटे नाहीत.

या पाच पानांचा खर्च उद्योग विभागाच्या शिलकेतून करावा आणि यापुढे आकड्याशिवाय रंगाची ऑर्डर घेऊ नये, अशा दोन सूचना मी सभेपुढे ठेवते. ज्यांची मजुरी बुडाली त्या भगिनी आज इथे बसल्या आहेत. प्रथम मत त्यांनीच द्यावे, अशी अध्यक्षीणबाईंना विनंती करून मी आपली रजा घेते.