दारूगोळ्याचा संचय

मनुष्य ज्या ज्या वस्तूंचा साठा करतो, त्यांत तोफा-बंदुकांची दारू ही सर्वांत विलक्षण वस्तू होय. धान्याची कोठी भरली की घरधनी निर्धास्त झोपतो. दारूची कोठी भरली की राखणदाराची झोप उडते. दारू कमी पडली तर किल्ला जातो, आणि ती निष्काळजीपणाने साठविली तरीही किल्ला जातो. टंचाईचे भय आणि साठ्याचे भय अशा दोन भयांच्या मधून वाट काढणे, हाच दारूगोळ्याच्या व्यवस्थेचा खरा प्रश्न आहे. तो राजांच्या काळी होता, तसाच तो आजच्या हौशी नेमबाजांपुढेही आहे.

म्हैसूरच्या सरस्वतीपुरम् या वस्तीपासून श्रीरंगपट्टण फार दूर नाही. तासाभराच्या आत तेथे सहज पोहोचता येते. कावेरीच्या त्या बेटावर टिपू सुलतानाच्या काळातील दारूगोळ्याची कोठारे आजही उभी आहेत. जाड भिंती, वर कमानदार छत, आणि निम्मीअधिक इमारत जमिनीच्या पोटात, अशी त्यांची रचना आहे. २०१७ साली रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणात त्यांपैकी एक कोठार आड आले, तेव्हा ते न पाडता सबंध उचलून सुमारे १३० मीटर पलीकडे नेऊन ठेवण्यात आले. या कोठारांकडे पाहताना एक गोष्ट चटकन ध्यानात येते. सारा साठा एका जागी नाही. तो बेटावर निरनिराळ्या ठिकाणी विभागलेला आहे. एक कोठार गेले तरी बाकीची वाचावीत, हा त्यामागील हिशेब उघड आहे.

असा हिशेब का करावा लागतो, हे दारूच्या घडणीवरून समजते. जुन्या काळ्या दारूच्या शंभर भागांत सुमारे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असे. एका ठिणगीने ती भडकते, आणि दमट हवेत तिची धार जाते. म्हणजे तिचे शत्रू दोन : अग्नी आणि ओल. अग्नीपासून वाचविण्यासाठी ती जमिनीखाली न्यावी, तर तेथे ओल गाठते. ओल काढण्यासाठी ती उन्हात पसरावी, तर अग्नीचे भय वाढते.

या पेचाचे उत्तर मराठी राज्याच्या एका ग्रंथात मोठ्या व्यवहारी बुद्धीने दिलेले आढळते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, दुर्गांच्या प्रकरणात, दारूखान्याविषयी तपशीलवार आज्ञा आहेत. दारूखाना वस्तीला लागून नसावा. सदरेपासून अंतर राखून त्याची जागा निवडावी. सभोवती निवडुंगाचे दाट कुंपण असावे. आत तळघर बांधून त्यात दारूची मडकी ठेवावीत, त्यांना ओल लागू देऊ नये. एवढ्यावर अमात्य थांबत नाहीत. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू व बाण बाहेर काढावेत, त्यांना ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावेत, अशी त्यांची ताकीद आहे. साठा करणे ही एकदाची कृती नव्हे, ती नित्याची चाकरी आहे, असा या ताकिदीचा अर्थ. ज्याची नित्य देखभाल होत नाही, तो साठा केवळ नावापुरता असतो.

आणि साठा कितीही मोठा असला तरी तो स्वतःहून कोणाला तारत नाही. १७९९ साली इंग्रजांनी श्रीरंगपट्टणास वेढा दिला असता, २ मे रोजी किल्ल्यातील बाणांच्या एका कोठारावर तोफेचा गोळा पडून मोठा स्फोट झाला. ४ मे रोजी किल्ला पडला व टिपू लढताना मारला गेला. त्यानंतर शेकडो तोफा आणि दारूगोळ्याचा प्रचंड संचय विजेत्यांच्या हाती आला. किल्ला पडला तो दारू संपली म्हणून नव्हे.

उलट बाजूस, टंचाईची नुसती शंका मोठमोठ्या राज्यांनाही कसे धावावयास लावते, याचे उदाहरण १८६१ सालचे आहे. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. तेथील दारूला लागणारा सोरा मुख्यतः हिंदुस्थानातून, विशेषतः बिहारमधून, लंडनच्या बाजारात जाई. अमेरिकन सरकारच्या वतीने ड्यू पाँ घराण्यातील लामो ड्यू पाँ लंडनला गेले आणि तेथे मिळेल तेवढा सोरा त्यांनी खरेदी केला. खरेदीची वार्ता फुटली. त्याच सुमारास ट्रेंट जहाजाच्या प्रकरणावरून दोन्ही देशांत युद्धाचा प्रसंग उभा राहिला, आणि ब्रिटनने सोऱ्याच्या निर्यातीवर बंदी घातली. तो तंटा मिटल्यावरच माल हलला. बिहारच्या लोणाऱ्या मातीतून निघालेली एक वस्तू दोन बलाढ्य राष्ट्रांच्या वाटाघाटीत येऊन बसली ती अशी.

आज काळ्या दारूची जागा बहुतांशी धूरविरहित दारूने घेतली आहे. तिचा आधार नायट्रोसेल्युलोज. आणि ते होते सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड तंतूंपासून किंवा लाकडाच्या लगद्यापासून. अमेरिकेत असंख्य हौशी नेमबाज वापरलेल्या पितळी पुंगळीत नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी बसवून घरच्या घरी काडतुसे तयार करतात. खर्च वाचतो आणि नेमही अधिक अचूक साधतो. परंतु २०१३ साली, शस्त्रांवर निर्बंध येणार या भीतीने, आणि पुन्हा २०२० साली, महामारीच्या अस्वस्थतेत, तेथील दुकानांतून दारू आणि टोप्या दिसेनाशा झाल्या. युक्रेनमध्ये २०२२ पासून पेटलेल्या युद्धाने तोफगोळ्यांची मागणी वाढविली, आणि नायट्रोसेल्युलोजची ओढाताण युरोपातही जाणवू लागली.

युद्धाची मागणी खरी असते. पण दुकानातील फळी रिकामी होते ती पुष्कळदा ग्राहकाच्या मनातील भयाने. ज्याला एक डबा पुरतो तो चार नेतो. मागून येणाऱ्यास एकही मिळत नाही. मग पुढच्या वेळी तोही चार नेतो. दुष्काळाच्या वर्षी धान्याच्या पेठेत जे घडते, तेच येथे घडते. फरक एवढाच की, घरात साठविलेले जास्तीचे धान्य फार तर किडते. जास्तीची दारू शेजाऱ्यालाही धोक्यात घालते. म्हणूनच अमेरिकेतील प्रचलित अग्निसुरक्षा-संहितेत घरी ठेवावयाच्या धूरविरहित दारूला २० पौंडांची, म्हणजे सुमारे ९ किलोंची मर्यादा आहे, तीही मूळच्या डब्यांत. त्याहून अधिक, ५० पौंडांपर्यंत ठेवावयाची तर जाड फळ्यांची लाकडी पेटी हवी. भारतात १८८४ चा स्फोटक अधिनियम आणि १९५९ चा शस्त्र अधिनियम यांनी ही मोकळीक मुळातच आवळली आहे. किती काडतुसे बाळगावीत, हे परवान्यावरच नोंदलेले असते.

अशा मर्यादा हौशी माणसास जाचक वाटतात. तथापि, निवडुंगाचे कुंपण, हवालदाराची मुद्रा आणि ९ किलोंची अट ही एकाच शहाणपणाची तीन रूपे आहेत. संचय गरजेने मोजावा, भीतीने मोजू नये. गरजेने केलेल्या साठ्याला माप असते, म्हणून त्याची राखण करता येते. भीतीने केलेल्या साठ्याला माप नसते. आणि ज्याचे माप नाही, त्याला ऊन देण्यासाठी आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढणारा हवालदार कोठून आणावयाचा?