सिसेरोची घसरलेली जीभ

चांगला वक्ता म्हटलं की आपल्यापुढे चढलेला आवाज आणि टेबलावर आपटलेली मूठ उभी राहते. मला ते ऐकवत नाही. म्हणून आज रोमन वक्ता सिसेरोचं एक भाषण.

इसवी सनापूर्वी ५६, एप्रिल महिना. रोममध्ये उत्सवाचे खेळ चाललेत, सगळ्यांना सुट्टी, आणि न्यायमंडळ तेवढं कामाला जुंपलेलं. सिसेरो सुरुवातच या सुट्टीपासून करतो. पंच खूश!

आरोपी केलियस नावाचा तरुण, सिसेरो त्याचा वकील. दंगल, विषप्रयोग असे भारी आरोप. कायद्याची बाजू आपण सोडून देऊ. सिसेरोनेही तिथे फार वेळ घालवला नाही. त्याने धरलं फिर्यादीच्या बाजूच्या क्लोडियाला. जुन्या, मानी घराण्यातली लेक, कॉन्सुल होऊन गेलेल्या मेटेलसची विधवा, आणि सिसेरोच्या हाडवैऱ्याची बहीण. हा भाऊ, क्लोडियस, सीझरच्या घरी बायकांच्या पूजेत स्त्रीवेषात शिरला होता. त्या गाजावाजात सीझरने बायकोला सोडलं. पुढे क्लोडियसनेच सिसेरोला हद्दपार करवलं. हिशेब जुना होता.

आता कान द्या. क्लोडियसचा उल्लेख करताना सिसेरो त्याला तिचा नवरा म्हणतो. मग सावरतो: भाऊ म्हणायचं होतं, ही चूक माझ्याकडून नेहमीच होते. बहीणभावाबद्दलची कुजबुज सगळ्या रोमला ठाऊक होती. आरोप न करता तो करून झाला. अस्सल शालजोडीतला!

मग तो आवाज बदलतो. क्लोडियाचा पूर्वज आप्पियस, ज्याने इसवी सनापूर्वी ३१२ साली रोमला रस्ता आणि पाणी दिलं, तो जणू तिथे येऊन तिला खडसावतो. म्हातारा आंधळा होता, तेव्हा हिचं तोंड पाहण्याचं दुःख तरी त्याला नाही, हेही सिसेरो सांगून घेतो. लगेच तिच्या धाकट्या भावाचा, क्लोडियसचा, लाडिक सूर. एकट्या माणसाने केलेलं नाटकच हे.

मी दर वेळी हसतो, आणि दर वेळी थोडा ओशाळतोही. केलियसच्या चैनीला तरुणपणाची सूट. क्लोडियाने तेच केलं तर घराण्याची अब्रू गेली! केलियस सुटला. क्लोडियाचं उत्तर मात्र आपल्यापर्यंत पोचलेलं नाही.

अनुवाद मिळाला तर मोठ्याने वाचा, श्रोतेहो. ‘नवरा’ म्हटल्यावर क्षणभर थांबा, आणि मग पुढे वाचा.