वास्तूचा अव्यक्त नाद आणि उपाश्रयातील श्रवण



मध्यरात्री वीज जाते आणि सारे घर एकाएकी स्तब्ध होते. फ्रिजची घरघर, पंख्याची सळसळ, जिन्याखालच्या पंपाची थरथर इतका वेळ चालू होती, हे ती थांबल्यावरच उमगते. ध्वनी तर कानावर पडतच होता. मग तो जाणवला का नाही?

नंदीसूत्रात यासंबंधी दोन दृष्टांत आहेत. गाढ झोपलेल्याला कोणी हाका मारतो. शब्द कानात शिरत राहतात, जाग मात्र मागाहून येते. तसेच कोऱ्या मातीच्या परळावर पडलेला पहिला थेंब जिरतो, दुसराही जिरतो. थेंब पडतच राहिले म्हणजे केव्हातरी परळ ओला होऊन पाणी ठरते. जाणिवेपूर्वीच्या या अवस्थेस शास्त्रकार व्यंजनावग्रह म्हणतात. तत्त्वार्थसूत्रानुसार तो डोळ्याला व मनाला नाही, कानाला आहे. म्हणूनच दुर्लक्षित आवाजही श्रवणात आपला वाटा घेतोच.

हा विषय उपाश्रयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. अनेक संप्रदायांत मुनिमहाराज ध्वनिवर्धक वापरत नाहीत. जुन्या उपाश्रयांत लाकडी माडी, मातीच्या भिंती व जाजमे होती. आता संगमरवर, टाईल्स आणि काच आली. वास्तू देखणी झाली, परंतु एका शब्दाचा प्रतिध्वनी विरण्यापूर्वीच पुढचा शब्द त्यावर चढतो. त्यात शेजारच्या इमारतीच्या एसीची घरघर मिसळते.

याचा खरा फटका वृद्ध श्रावकांना बसतो. वयोमानाने प्रथम उच्च कंपनांचे स्वर ऐकू येईनासे होतात. स, श, त यांसारखी व्यंजने त्यांवरच ओळखली जातात. आवाज पोहोचतो, शब्द पोहोचत नाही. मांगलिक पाठ असल्याने ते ऐकू आल्यासारखे वाटते. व्याख्यानातील नवा अर्थ मात्र हुकतो. दोष आपल्याच कानांचा समजून ते गप्प बसतात आणि हळूहळू मागच्या ओळीतील जागा रिकामी होते.

१८९५ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या सभागृहात नेमकी हीच अडचण उभी राहिली. वॉलेस सॅबाईन या तरुण प्राध्यापकाने दुसऱ्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री तेथे आणून मांडल्या आणि ऑर्गनच्या नळीचा स्वर विरण्यास किती वेळ लागतो, ते मोजले. गाद्या वाढल्या तसा प्रतिध्वनी घटला. श्रोत्यांची अंगे व वस्त्रेही ध्वनी शोषतात, असे त्यास आढळले. भरलेल्या सभेत शब्द स्पष्ट आणि तुरळक उपस्थितीत अस्पष्ट, याचे एक कारण हेच.

पातळ पॉलिस्टरच्या पडद्याने फारसे साधत नाही. जाड सुती कापड, भरपूर चुण्या घालून, भिंतीपासून थोडे अंतर राखून सोडावे लागते. अर्थात पडदा आला की त्याची यतनापूर्वक झाडपूसही आली. मोटारपंपाची थरथर मात्र कापडाने थांबत नाही. त्याखाली रबर घालावे किंवा व्याख्यानाच्या वेळी तो बंद ठेवावा.

(आपल्या वरघोड्याचा बँड मंगल वाटतो आणि शेजारचा बँड गोंगाट, हा प्रकार निराळा, त्यावर पडद्याचा इलाज नाही.)

जीर्णोद्धाराचा आराखडा मंजूर होण्यापूर्वी एक प्रयोग सहज करता येईल. सभागृहात मोजकी माणसे असताना एकाने पाटावरून अपरिचित ग्रंथाचे एक पान वाचावे, आणि शेवटच्या ओळीत बसलेल्या सर्वांत वयोवृद्ध श्रावकाने ऐकलेले वाक्य पुन्हा म्हणून दाखवावे.