चिमूट, मूठ आणि अर्धा शेर

आरोग्याचें शिक्षण म्हटलें कीं भिंतीवरचीं चित्रें, हस्तपत्रकें आणि एखादें व्याख्यान एवढेंच डोळ्यांपुढें येतें. लोक ऐकतात, माना डोलावतात आणि घरीं जाऊन पूर्वीप्रमाणेंच वागतात. मग शिकविणारा म्हणतो, 'लोकच अडाणी, त्याला कोण काय करणार!' हा निवाडा कितपत न्याय्य आहे, हें पाहावयाचें असल्यास बांगलादेशांत घडलेली एक हकीकत फार उद्बोधक आहे.

जुलाबानें मूल दगावतें तें बहुधा शरीरांतील पाणी व क्षार निघून गेल्यामुळें. नुसतें पाणी पाजून ही तूट पुरती भरून निघत नाहीं. परंतु त्या पाण्यांत योग्य प्रमाणांत साखर व मीठ असेल, तर आंतडीं साखरेबरोबर मीठ शोषून घेतात आणि त्यांच्यामागोमाग पाणीहि शरीरांत जातें. १९७१ सालीं पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे भारतांत आले आणि बनगांवच्या छावणींत पटकीची साथ पसरली. शिरेंतून देण्याचें सलाइन पुरेना. तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा पाण्यांत मिसळून तें रोग्यांना पाजविलें. पाजण्याचें काम आप्तेष्टांच्याच हातीं दिलें. त्यांच्या देखरेखीखालील रोग्यांत मृत्यूचें प्रमाण शेकडा ४ च्या आंत आलें.

औषध हातीं लागलें. पण तें खेड्यांतल्या आईच्या हातीं कसें जावें? जेथें दवाखाना कोसांवर कोस दूर, तेथें औषधाची पुडी तरी वेळेवर कोण पोंचविणार? १९७२ सालीं फझले हसन आबेद यांनीं स्थापन केलेल्या 'ब्रॅक' या संस्थेनें १९८० सालीं हें काम अंगावर घेतलें. तिनें व्याख्यानें योजिलीं नाहींत. तरुण शिक्षिका खेडोपाडीं, घरोघर जात. आईजवळ बसून मोजके दहा मुद्दे तिला समजावीत. आणि मग तिच्याच हातून तें पाणी करवून घेत. माप काय? तीन बोटांची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. तराजू नको, अक्षरओळख नको. ज्या हातानें ती रोज स्वयंपाक करी, तोच हात तिचें माप झाला.

याहूनहि विचार करण्याजोगी गोष्ट शिक्षिकांच्या वेतनाची आहे. शिक्षिका गांवांतून गेल्यावर कांहीं आठवड्यांनीं दुसरा तपासनीस येई. तो निवडक घरांतील आयांना ते दहा मुद्दे विचारी व पाणी करून दाखवावयास सांगे. आईला जितकें आठवे आणि जितकें नीट साधे, त्या मानानें शिक्षिकेला मोबदला मिळे. एरवीं शाळेंत विद्यार्थी नापास होतो आणि शिक्षक मात्र पुढच्या वर्गाकडे वळतो. येथें शिष्येच्या परीक्षेंत गुरूचीच परीक्षा झाली.

तथापि हकीकत येथें संपत नाहीं. खरा धडा पुढेंच आहे. आया परीक्षेंत उत्तम उतरल्या, पण प्रत्यक्ष मुलाला जुलाब झाले तेव्हां तें पाणी करणाऱ्या फारच थोड्या निघाल्या! चौकशी केली तेव्हां दोष आयांचा नव्हता असें दिसून आलें. कित्येक शिक्षिकांचाच त्या पाण्यावर विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले तर त्या औषधाच्या गोळ्या घेत. जिव्हेवर एक आणि मनांत दुसरें, हें खेड्यांतील माणसास लगेच कळतें. दुसरें असें कीं, घरांतील पुरुषांना कोणी कांहीं सांगितलेंच नव्हतें.

संस्थेनें चूक मान्य केली. हें पाणी शरीरांत कसें काम करतें, तें आधीं शिक्षिकांना नीट पटवून दिलें. पुढें त्या गांवकऱ्यांसमोर स्वतः त्या पाण्याचे घोट घेऊं लागल्या. पुरुषांशींहि वेगळें बोलणें सुरू झालें. १९९० पर्यंत १ कोटि २० लक्षांहून अधिक घरीं हा पाठ पोंचला. ज्यांना आरंभीं अडाणी म्हटलें असतें, त्याच आयांनीं तो पुढें चालविला.

आज औषधाच्या दुकानांत क्षार-साखरेची पुडी सहज मिळते आणि मुलांना तिच्या जोडीला जस्ताच्या गोळ्याहि वैद्यकीय सल्ल्यानें देतात. म्हणून शहरांतील सुशिक्षित घरांना या पाठाची गरज उरली, असें वाटणार नाहीं. परंतु पुडीवर सांगितलेल्या पाण्याऐवजीं पेलाभर पाण्यांत ती रिकामी करणारे सुशिक्षितांतहि आढळतात. अशा पाण्यांत क्षार अधिक होऊन मुलाला अपायच व्हावयाचा. पुडी नसल्यास लिटरभर स्वच्छ पाण्यांत सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हें प्रमाण आहे. तें आसवांहून खारट लागतां कामा नये. अंगावरचें दूध व नेहमींचें अन्न बंद करूं नये. शौचास रक्त पडूं लागलें, मूल मलूल झालें किंवा तें पाणीच पिईना, तर डॉक्टरांकडे नेण्यास क्षणाचाहि विलंब नको.

हे नियम वाचून दाखविण्यांत फारसा अर्थ नाहीं. घरांतील दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींना, आजोबांना, कामास येणाऱ्या बाईंना एकदां जवळ बसवावें. पाण्याच्या भांड्यावर लिटरची खूण करावी. मिश्रण त्यांच्याच हातून करवावें. आणि पहिला घोट सांगणाऱ्यानें स्वतः घ्यावा. महिन्यानें पुन्हां विचारावें. त्यांना आठवलें नाहीं, तर रागावूं नये. पाठ पुन्हां द्यावा, आणि या वेळीं तो अधिक चांगला कसा देतां येईल, याचा विचार सांगणाऱ्यानेंच करावा.